लाइट गेली तरी नोंद जाऊ नये



आपल्याकडे लाइट जाणे ही काही बातमी नव्हे. वळवाच्या वाऱ्यात फांदी तारेवर पडते, डीपीवरचा फ्यूज उडतो, कुठे झंपर निसटतो आणि गाव अंधारात बसते. आपण त्याला सरावलो आहोत. पिठाची गिरणी थांबते, विहिरीवरची मोटार थांबते. लाइट आली की दोन्ही पुन्हा चालू होतात आणि दळणाचे वा पाण्याचे फारसे काही बिघडत नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या गावात असे एक यंत्र आले आहे की, लाइट अवचित गेली तर त्याच्या पोटातले सगळे जागच्या जागी राहील याची खात्री देता येत नाही. ते यंत्र म्हणजे संगणक. दूध संकलन केंद्रात तो आहे, विकास सोसायटीत आहे, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्याशेजारी आहे आणि आता कितीतरी बागायतदारांच्या ओसरीवरही आहे.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने खत-बियाण्याचे सोडून हे काय काढले? त्याचे कारण असे की, अलीकडे शेताच्या नोंदी वहीतून उठून या यंत्रात जाऊन बसल्या आहेत. फवारणी कधी केली, कोणते औषध मारले, दूध किती घातले, उचल किती घेतली, पेंडीची पोती किती नेली, सगळे त्यातच. आणि गावोगाव फिरताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. लाइट गेल्यामुळे जेवढी माहिती जाते, त्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती लाइट परत आल्यावर आपल्या घाईने जाते. आज एवढेच सांगायचे आहे. बाकी सगळा त्याचा खुलासा.

आधी संगणक नोंदी ठेवतो कुठे ते पाहू. त्याच्या आत हार्ड डिस्क नावाची एक बंद डबी असते. ज्यांनी ग्रामोफोन पाहिला असेल त्यांनी त्याची तबकडी आठवावी. डबीत तशाच, पण आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ग्रामोफोनची पिन तबकडीला टेकते. इथे लिहिणारे-वाचणारे टोक मात्र टेकत नाही, ते तबकडीवर तरंगत असते. दोहोंमधले अंतर आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. धुळीचा एक कण मध्ये आला तरी तबकडीवर ओरखडा पडतो. अशी पहिली डिस्क १९५६ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या मोठ्या धुडात मावत होती ती फक्त ५० लाख अक्षरे. आज मोबाइलमधल्या नखाएवढ्या कार्डात त्याच्या हजारो पट मजकूर मावतो.

चालू डिस्कची लाइट अचानक गेली तर ते टोक तबकडीवर आदळत नाही का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बनवणाऱ्यांनी त्याची तजवीज केली आहे. वीज तुटली तरी तबकड्या काही क्षण गरगरतच राहतात. त्या शिल्लक वेगावर डिस्कची मोटार स्वतःच क्षणभर जनित्र होते आणि तेवढ्याशा विजेवर ते टोक बाजूच्या सुरक्षित जागी नेऊन ठेवते. दिवस मावळता मावळता शहाणा गडी औत सोडून जागेवर ठेवतो, तसेच हे.

मग बिघडते कुठे? तीन ठिकाणी बिघडते.

पहिले असे की, आपण नोंद केली, पडद्यावर ‘साठवले’ असे आले, तरी ती नोंद दर वेळी लगेच तबकडीवर उतरलेली असतेच असे नाही. संगणक ती काही क्षण तात्पुरत्या आठवणीत धरून ठेवतो आणि सवडीने खाली लिहितो. त्या क्षणात लाइट गेली की नोंद अर्धी राहते किंवा राहतच नाही.

दुसरे असे की, तबकडीवरच्या मजकुराची एक यादी असते. कोणती फाइल कुठून कुठवर आहे ते त्या यादीत लिहिलेले असते. ही यादीच लिहिली जात असताना लाइट गेली तर यादी आणि मजकूर यांचा मेळ बसत नाही. आजकालचे संगणक यादीतल्या फेरफारांची एक रोजकीर्दही ठेवतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना तिच्यावरून यादी दुरुस्त करून घेतात. बहुतेक वेळा काम भागते ते त्यामुळेच. पण ती रोजकीर्द यादीची असते, तुमच्या मजकुराची नव्हे.

तिसरे ठिकाण सगळ्यात वाईट. ते लाइट जाण्याचे नसून लाइट येण्याचे आहे. वादळात डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरातल्या २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टपर्यंतही दाब चढू शकतो. बल्ब फटाफट उडतात, टीव्ही जळतो आणि संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तोही जळतो. कधी त्याच्यामागे डिस्कच्या पाठीवरची हिरवी पट्टी जाते.

आता मुद्द्याचे ऐका. यादी बिघडली म्हणजे मजकूर पुसला गेला असे होत नाही. समजा गावच्या नकाशातले आणि रजिस्टरातले एक पान फाटले. गट नंबर कुठला, बांध कुठून कुठवर, हे कागदावरून कळेनासे झाले. म्हणून जमीन कुठे जाते का? ती जागेवरच असते. मोजणीदार चिकाटीने खुणा शोधत गेला तर बांध पुन्हा सापडतात. पण त्याच वेळी कागदावर नाव नाही म्हणून पड समजून कोणी त्या रानात नांगर घातला, बांध मोडले, नवे पीक पेरले, तर मग मात्र खूण राहत नाही. बिघडलेल्या डिस्कवर काहीही नवे लिहिणे म्हणजे असा नांगर घालणे. आणि आपण घाईत नेमके तेच करतो.

२०२२ सालच्या जूनमध्ये माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी असेच घडता घडता राहिले. तिथे एक दूध संकलन केंद्र आहे. ते चालवतात त्या बाईंना सगळे गाव वहिनी म्हणते. यजमान वारल्यावर त्यांनी आणि त्यांच्या मुलाने केंद्र सांभाळले. चौसष्ट घरांचे दूध तिथे येते. काट्यावरचे वजन आणि यंत्रावरचे फॅट थेट संगणकात जाते, आणि दूध घालणाऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. जूनच्या नऊ तारखेला सांजेचे संकलन आटोपत आले असताना वादळ झाले, न्यूट्रल तुटला, लाइट दोनदा आली नि गेली आणि संगणक बंद पडला तो पडलाच. पगार अकरा तारखेला व्हायचा होता. शाळा उघडायला आठवडाही नव्हता. वह्या-पुस्तके, गणवेश, बियाण्याची पिशवी, सगळ्यांचा डोळा त्या पगारावर होता. शिवाय वर्षभराची उचल आणि पेंडीची पोती कोणाच्या नावे किती, याची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकासाठी मी त्या गावी गेलो, तर केंद्रापुढे ही गर्दी! गावातल्याच एका हुशार पोराने दुसरा एसएमपीएस आणून बसवला होता. संगणक धडपडत सुरू होई आणि मध्येच अडकून बंद पडे. सकाळपासून दहा-बारा वेळा तरी त्याने बटण दाबले असेल. आता तो हातात पेन ड्राइव्ह घेऊन उभा होता.

“साहेब, नवीन विंडोज टाकतो. अर्ध्या तासात चालू करून देतो,” तो म्हणाला.

“आणि आतलं?” मी विचारले.

“आतलं मग बघू की.”

मी म्हटले, “बाळा, थांब. आतलं आधी, चालू करायचं मग. पिन काढ.”

लोक कुरकुरले. वहिनी मात्र काही न बोलता पुढे झाल्या आणि त्यांनीच पिन काढली. डिस्क ओढताना टकटक असा आवाज येत होता का, ते मी पोराला विचारले. तसा आवाज नव्हता, सरळ गुणगुण होती. एवढी आशा पुरे होती. डिस्क मऊ फडक्यात गुंडाळून मुलगा तालुक्याच्या गावी एका जाणत्या कारागिराकडे घेऊन गेला.

त्या कारागिराने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. त्याने डिस्क दुरुस्त केलीच नाही. त्याने तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवायला घेतली. यादी पाहायची नाही, फाइली पाहायच्या नाहीत. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत जे आहे ते उतरवायचे. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा एक कार्यक्रम आहे. अँटोनियो डायझ डायझ यांनी तो लिहिला आणि तो फुकट मिळतो. त्याची रीत आपल्या कामासारखीच आहे. शेतात मऊ जागा आधी नांगरायची आणि खडकाळ तुकडा शेवटी घ्यायचा, तसा तो डिस्कचा चांगला भाग आधी वाचून घेतो आणि अडणारा भाग मागे ठेवतो. कुठवर काम आले याची टिपणीही ठेवतो. मध्ये काम थांबले तर पुढे तिथूनच सुरू. पुरी नक्कल उतरायला एक रात्र आणि एक दिवस लागला. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून त्याने नकलेवरची यादी दुरुस्त केली, आणि दुधाच्या हिशेबाचा कप्पा वर आला. नऊ तारखेच्या सकाळपर्यंतचे सगळे जसेच्या तसे होते, उचल आणि पोतीसुद्धा. फक्त नऊ तारखेची सांज नव्हती. ती तबकडीवर उतरायच्या आधीच लाइट गेली होती. जे लिहिलेच गेले नाही ते कोणताही कारागीर काढून देऊ शकत नाही.

ती सांज कशी भरून निघाली म्हणता? वहिनींनी दवंडी दिल्यासारखा निरोप पाठवला की, नऊ तारखेच्या सांजेची चिठ्ठी घेऊन या. बायकांनी चिठ्ठ्या आणल्या. कोणी दिवळीतून, कोणी हळदी-कुंकवाच्या डबीतून, कोणी पासबुकाच्या घडीतून. चौसष्टांपैकी सत्तावन्न चिठ्ठ्या जमल्या. उरलेल्या सात जणांचे आधीच्या तीन सांजांच्या सरासरीने धरायचे, असे सगळ्यांसमक्ष ठरले. तेव्हा त्या सातांतली एक म्हातारी उठून म्हणाली, “माझं सरासरीनं नगं धरू बाई. त्या सांजेला वासरू सुटलं व्हतं, निम्मं त्यानंच पिलं. लिटरभरच घातलं मी.” पगार तीन दिवस उशिरा, चौदा तारखेला झाला. पण कोणाच्या मनात किंतु राहिला नाही. हिशेब परत आला यापेक्षा मला याचे मोल अधिक वाटते. कारण नोंद गेली की पैशाआधी माणसांचा एकमेकांवरचा भरवसा जातो, आणि तो काढून देणारा कारागीर अजून जन्मला नाही.

त्याच डिस्कवर वहिनींच्या घरचे फोटोही होते. तो कप्पा नेमका डिस्कच्या खराब भागात सापडला. त्यासाठी कारागिराने फोटोरेक नावाचा दुसरा फुकट कार्यक्रम वापरला. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तो लिहिला आहे. तो यादीकडे बघतच नाही. प्रत्येक जातीच्या फाइलीच्या तोंडाशी ठराविक खूण असते. ती खूण शोधत तो सगळे रान पालथे घालतो. मजकूर मिळतो, पण नावे आणि कप्पे मिळत नाहीत. वहिनींना हजारभर फोटो मिळाले, पण नावांच्या जागी नुसते आकडे. काही फोटो अर्धेच होते. एकात यजमानांचा फेटा आणि कपाळ तेवढे आले होते, खाली राखाडी पट्टा. मुलगा तो पुसणार होता. वहिनी म्हणाल्या, “राहू दे.”

या कामात धीर धरला तर काय साधते याचा एक मोठा दाखला सांगतो. कल्पना चावला तुम्हाला आठवत असेल. हरियाणातल्या कर्नालची ही मुलगी अमेरिकेच्या कोलंबिया यानातून अवकाशात गेली, आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना ते यान सुमारे ६० किलोमीटर उंचीवर फुटले. सातही अंतराळवीर गेले. पुढे कित्येक महिन्यांनी यानाच्या अवशेषांत जळून काळी पडलेली एक हार्ड डिस्क सापडली. तिच्यात झेनॉन वायूवर केलेल्या एका प्रयोगाची मोजमापे होती. आत माती गेली होती, तबकड्यांवर खड्डे पडले होते. तरी जाणकारांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती बाहेर काढली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. हे कसे साधले? खड्डे पडले होते ते डिस्कच्या रिकाम्या भागात, आणि मजकूर होता त्या भागावर नंतर कोणी काही लिहिले नव्हते. आकाशातून पडलेल्या डिस्कमधून माहिती निघते आणि आपल्या टेबलावरच्या डिस्कमधून निघत नाही, ती बहुधा आपल्याच हातांमुळे.

तेव्हा असा प्रसंग आला तर काय करावे, ते क्रमाने सांगतो.

संगणक नीट सुरू होत नसेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. जळालेल्या वासाची मोटार आपण स्टार्टर दाबदाबून चालवत नाही, इथेही तसेच. पिन काढा. लाइट स्थिर झाली, वीजपुरवठा तपासला, मगच पुढचे.

डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर ती एकदाही चालू करू नका. आतले टोक बिघडल्याची ती खूण आहे. चालू ठेवाल तेवढे ओरखडे वाढतील. डबी घरी उघडू नका. धूळमुक्त खोलीतच ती उघडायची असते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालू होते, असे सांगणारे भेटतात. तसे करू नका. आत दव धरते आणि होते नव्हते ते जाते.

पडद्यावर ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणा. डिस्क तपासून दुरुस्त करण्याचा जो कार्यक्रम विंडोजमध्येच असतो, तोही आजारी डिस्कवर लावू नका. तो यादी नीटनेटकी करतो खरा, पण ते करताना मेळ न बसणारे तुकडे तोडून वेगळे टाकतो. नक्कल आधी, दुरुस्ती नकलेवर. हा नियम मोडू नका. आणि काढलेली माहिती त्याच डिस्कवर उतरवू नका. भरलेल्या विहिरीतला गाळ काढून पुन्हा तिच्यातच टाकण्यासारखे ते होईल.

हिरवी पट्टी जळाली असेल तर तशीच दुसरी पट्टी आणून बसवली की झाले, असे पूर्वी होत असे. आजच्या डिस्कांत प्रत्येक डिस्कचे स्वतःचे माप त्या पट्टीवरच्या एका चिपमध्ये लिहिलेले असते. ती चिप जुन्या पट्टीवरून नव्यावर घ्यावी लागते. म्हणून जळालेली पट्टी फेकू नका.

नव्या संगणकांत आणि लॅपटॉपमध्ये तबकड्यांऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे धक्क्याने ती सहसा बिघडत नाही. पण एक लक्षात ठेवा. पुसलेल्या मजकुराची जागा ती स्वतःच लवकर झाडून साफ करते. म्हणून तिच्यातून चुकून पुसलेले परत मिळण्याची आशा फार कमी. शिवाय तिच्यातला मजकूर विजेच्या भाराच्या रूपात असतो. तो भार हळूहळू झिरपतो, म्हणून एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात टाकून निर्धास्त राहू नये. आणखी एक. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये सगळा मजकूर कुलूपबंद करून ठेवलेला असतो. त्या कुलपाची लांबलचक आकडी किल्ली कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. ती नसेल तर जाणता कारागीरसुद्धा हात टेकतो.

कारागिराकडे जाताना आधी तपासणी, मग लेखी दर, आणि माहिती न निघाल्यास किती द्यायचे, हे तिन्ही विचारून घ्या. डिस्कमध्ये बँकेची आणि आधारची कागदपत्रे असतात, म्हणून माणूस भरवशाचा पाहा.

हा झाला औषधोपचार. पण रोग होऊ न देणे केव्हाही स्वस्त. मोटारीला आपण सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतो, मग संगणकालाच उघड्यावर का ठेवायचे? एक साधा यूपीएस घ्या. तो संगणक तासन्‌तास चालवण्यासाठी नसतो. हातातले काम साठवून संगणक रीतसर बंद करायला दहा-पंधरा मिनिटे देतो, तेवढी पुरतात. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी तपासून बदला. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक लावला असेल तर त्याची कळ ‘यूपीएस’ या खुणेवर आहे ना, ते पाहा. दुसऱ्या खुणेवर लाइट बदलताना जो क्षण जातो, त्यात संगणक बंद पडू शकतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो; त्यात पाणी घालत जा. आणि आभाळ कडाडू लागले की कळ बंद करून भागत नाही, पिनच काढा. विजेच्या लोळापुढे यूपीएसचे काही चालत नाही.

तरीही डिस्क ही वस्तू आहे, एक दिवस जाणारच. म्हणून खरा उपाय म्हणजे दुसरी प्रत. आधी घरातल्या नोंदींचे दोन ढीग करा. सातबारा, आठ अ, फेरफार यांची चिंता नको. ते सरकारच्या संगणकावर आहेत आणि पुन्हा काढता येतात. पण उचलीचा हिशेब, फवारणीची नोंद, विहिरीच्या पाण्याची पातळी, काट्याच्या पावत्या, बचत गटाचे खाते, घरच्या माणसांचे फोटो, हे फक्त तुमच्याकडेच आहे. ते गेले तर कोणत्याच कचेरीत मिळणार नाही. जपायचे ते हे.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने यासाठी एक सोपे सूत्र रूढ केले: तीन, दोन, एक. प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. हे ऐकून मला आपल्या आज्या आठवतात. ज्वारीच्या बियाण्याची कणसे त्या चुलीवरच्या आढ्याला टांगत, थोडे बी शेणाने लिंपलेल्या कणगीत ठेवत, कडधान्य राखेत घोळून मडक्यात भरत, आणि पसाभर बी माहेरी भावाकडे धाडत. एका कणगीला कीड लागली तरी पेरणी चुकत नसे. तुमच्या नोंदींचेही तसेच करा. एक प्रत संगणकात. दुसरी वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर, जी काम झाल्यावर काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर एकाच झटक्यात दोन्ही जातात. तिसरी लेकीच्या घरी, भावाच्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. आणि ज्याच्यावर पैशाचा व्यवहार आहे त्याचा महिन्याचा कागद छापून फाइलीला लावा. कागदाला लाइट लागत नाही.

हे करायचे कधी? अमावस्येला बरेच जण औत धरत नाहीत. तो दिवस त्यासाठी ठरवून टाका, म्हणजे विसर पडणार नाही.

आणि शेवटची गोष्ट. प्रत काढली म्हणजे झाले असे समजू नका. ती उघडून पाहा. पेरणीच्या आधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवतात ते मोजतो. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बी पेरायच्या लायकीचे धरतो. न तपासलेले बी आणि न उघडलेली प्रत, दोन्ही दिसायला भरलेलीच असतात. तेव्हा महिन्यातून एकदा त्या दुसऱ्या प्रतीतली एखादी नोंद, एखादा फोटो उघडा. दिसला तर निश्चिंत झोपा. नाही दिसला तरी बिघडले नाही, कारण पहिली प्रत अजून तुमच्या हातात आहे.